सायकल नवी, गुडघे जुने

दिवाळीत आणि एक जानेवारीच्या आगेमागे परभणीतल्या सायकल दुकानांतून गिअरच्या सायकली मोठ्या हौसेने बाहेर पडतात. पहिले आठ-दहा दिवस त्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर सकाळी दिसतात. महाशिवरात्रीपर्यंत त्यातल्या बऱ्याच जिन्याखाली जाऊन उभ्या राहतात आणि उन्हाळा लागेपर्यंत हँडलवर टॉवेल वाळत पडलेला असतो. घरातली माणसे याला आळस म्हणतात. मला हे निदान मान्य नाही.

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना व्यायामाबद्दल रोज विचारावे लागते. सायकल घेऊन सोडलेली माणसे भेटतात तेव्हा त्यांचे कारण आळसाचे नसते. "साहेब, बूड लई दुखायलंय." "चार दिवस चालवली अन् गुडघा धरला." "हाताला मुंग्या येत्यात." म्हणजे माणूस उठला होता, कपडे घालून बाहेर पडला होता, पैसेही खर्च करून बसला होता. त्याला माघारी पाठवले ते दुखण्याने. आणि हे दुखणे बहुतेक वेळा सीट दोन-तीन बोटे वर किंवा खाली केल्याने जाणारे असते. दुकानदाराने ते सांगितले नाही. आम्ही डॉक्टर मंडळी "सायकल चालवा" एवढे चिठ्ठीवर लिहून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. हे बदलायला हवे, म्हणून आजचा हा लेख.

विषय किरकोळ नाही. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, असे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींवर आहेत. हे लोण आता शहरापुरते राहिलेले नाही. सेलू, मानवत, पालमकडून येणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसांच्या रिपोर्टवरही साखरेचा आकडा ठळक दिसतो. शेतातली निम्मी कामे यंत्रांनी घेतली आणि गावातल्या गावात जायलाही मोटारसायकल आली. आहार मात्र नांगर धरणाऱ्याचाच राहिला.

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट दाखवला तो जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने, १९५३ साली. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्याला आढळले. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. टपाल खात्यात टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन जास्त सुरक्षित होते. आपल्याकडचा पोस्टमनही आठवून पाहा. अलीकडे, २०१७ मध्ये, ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात अशा पाहणीतून सगळे श्रेय सायकलला देता येत नाही. सायकल चालवणारा माणूस मुळातच थोडा निरोगी असू शकतो. पण सत्तर वर्षे वेगवेगळ्या देशांतून पुरावा एकाच दिशेने येत असेल, तर तो मानायला हरकत नसावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नाही. माझ्या पिढीतली माणसे तासावर भाड्याने सायकल घेऊन, चोवीस इंची सायकलच्या नळीखालून पाय घालून 'कैची' मारत शिकली. पुढे नोकरी लागली की सायकल सुटायची आणि ती सुटली यातच प्रगती मानली जायची. आजही पन्नाशीचा शिक्षक सायकलवर बाजारात गेला तर ओळखीचा माणूस हटकतो, "काय सर, गाडी विकली का?" लाखाची सायकल आणि डोक्याला हेल्मेट असेल तर तो 'सायकलिस्ट', आणि साध्या काळ्या सायकलवर भाजी आणणारा मात्र गरीब. शरीराला हा फरक कळत नाही. साधी सायकल नीट मापाची असेल तर ती तेच काम करते. म्हणून खरेदीला जाताना गिअर किती हे विचारण्याआधी माप विचारा. जमिनीवर दोन्ही पाय टेकवून सायकलच्या नळीवर उभे राहिलात की नळी आणि जांघ यांत निदान दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. मुलगा वापरेल आणि बापही वापरेल, या हिशेबाने घेतलेली सायकल बहुधा दोघांनाही बसत नाही.

आता सीटकडे येऊ. निम्मे दुखणे इथेच असते.

आपल्याकडे सीट ठेवतात ती बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत अशी. पडण्याची भीती असते, ते समजू शकते. पण अशा खालच्या सीटवर बसून पायडल मारताना गुडघा दर फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. अर्ध्या तासात हे हजारो वेळा होते. चाळिशीनंतर वाटीमागची कूर्चा आधीच थोडी झिजलेली असते, ती तक्रार करणारच. योग्य उंची ठरवायला कुठलेही यंत्र लागत नाही. सायकल भिंतीला टेकवा किंवा कुणाला धरायला सांगा. सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकता कामा नये. पाय अधांतरी राहत असेल तर सीट खाली घ्या, गुडघा वाकलेला राहत असेल तर वर घ्या. एवढे जमले की प्रत्यक्ष चालवताना टाचेऐवजी पावलाचा पुढचा रुंद भाग पायडलवर ठेवायचा. मग सर्वांत खालच्या टप्प्यावर गुडघ्यात आपोआप पंचवीस-तीस अंशांचा हलका बाक राहतो. तो हवाच.

या उंचीवर बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकत नाहीत, फार तर चवडा टेकतो. म्हणून थांबण्याची सवय बदलावी लागते. ब्रेक लावत सीटवरून पुढे सरकायचे आणि एक पाय खाली टेकायचा. रिकाम्या मैदानात दोन सकाळी हाच सराव केला की पुरे. ज्यांना फारच भीती वाटते त्यांनी आधी सीट थोडी खाली ठेवावी आणि दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा सेंटीमीटर वर घ्यावी. सीटच्या दांड्यावर कमाल मर्यादेची रेघ कोरलेली असते, त्यापलीकडे मात्र दांडा उपसू नये, तो मोडू शकतो. योग्य उंची एकदा सापडली की तिथे नेलपेंटने खूण करून ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणी सीट हलवली तरी शोधाशोध नको.

पुढे दुखणेच सांगते काय चुकले आहे ते. गुडघा समोरून, वाटीभोवती दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा जड गिअरवर जोर चालला आहे. गुडघ्याच्या मागे, लवणीत ओढ बसत असेल तर सीट वर आहे. मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी डुलताना दिसत असेल तरीही सीट वरच आहे.

बसण्याची जागा दुखते, हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी बोलला जाणारा त्रास. आपण बसतो तेव्हा वजन नितंबातल्या दोन हाडांवर येते. खुर्चीत आजूबाजूचे स्नायूही भार वाटून घेतात, सायकलच्या सीटवर तेवढी सोय नसते. त्या दोन हाडांवरची त्वचा आणि मांस नव्या दाबाला सरावायला एक-दोन आठवडे घेतात. तेवढे दिवस दुखणे स्वाभाविक आहे, नवी चप्पल चावते तसे. लोक यावर बाजारातून जाड, मऊ कव्हर आणतात. पाच मिनिटे बरे वाटते. मग हाडे त्या गादीत रुततात आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो, त्रास वाढतो. सीट हाडांच्या रुंदीची आणि बेताची घट्टच असावी. बायकांमध्ये या दोन हाडांतले अंतर साधारण जास्त असते, त्यामुळे पुरुषांसाठीची अरुंद सीट त्यांना बोचते. दुकानात सीट बदलून मागता येते, संकोच करू नका. सीट पाठीमागून पुढे सपाट असावी. गवंडी वापरतात ती लेव्हल ठेवून पाहिली तरी कळते.

दुखणे आणि बधिर होणे यांत फरक करा. जांघेच्या मधल्या भागाला बधिरपणा येत असेल तर तो सहन करायचा नाही. तिथून जाणारी नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात आहेत, असा त्याचा अर्थ. बहुधा सीटचे टोक वर उचललेले असते. ते सपाट करा, दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहा. तरीही बधिरपणा येत राहिला तर सीट बदला. सायकलवरून उतरल्यानंतरही तो जात नसेल तर डॉक्टरांना सांगा. पुरुष हे सांगायला लाजतात आणि बायका तर विषयच काढत नाहीत.

हातांचे गणित सोपे आहे. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जात आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटे असतील तर मनगटातली मधली नस. दोन्हींवर उपाय एकच. कोपर ताठ ठेवू नका, मूठ आवळू नका, हात अधूनमधून जागा बदलू द्या आणि अंगाचे ओझे हातांवर टाकू नका. पन्नाशीपुढच्या माणसाने हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडे वर ठेवावे. शर्यतीतल्यासारखे वाकून बसण्याचे आपल्याला काही कारण नाही, मान आणि कंबर दोन्ही वाचतात. मधुमेहाच्या रुग्णांना मात्र एक सांगतो. सायकल नसतानाही तळपायांना मुंग्या येत असतील तर तो दोष सीट-हँडलच्या माथी मारू नका, पायाच्या नसांची तपासणी करून घ्या.

गिअरबद्दल एक गैरसमज मला फार आढळतो. पायडल जितके जड तितका व्यायाम जास्त, असे लोक धरून चालतात. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरणे गुडघ्यासाठी चांगले आणि हृदयासाठीही. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. अठरा ते वीस वेळा आला की ठीक. समोरून वारा असेल तर मुकाट्याने गिअर हलका करा. आपल्या भागात तशी मोठी चढण नाही. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याची रांग आणि दक्षिणेला गंगाखेडपलीकडे बालाघाट सोडला तर जिल्हा सपाट आहे. शिकायला एवढी सोयीची जमीन सगळ्यांच्या नशिबी नसते.

पहिल्या महिन्यात दिवसाआड पंधरा-वीस मिनिटे पुरेत. सोबतच्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झाला की तो हिशेब जमतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र पहिल्याच रविवारी पन्नास किलोमीटरची टूम निघते आणि सोमवारी माणूस लंगडत येतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे सगळे डॉक्टर, याचा मला धंद्याचा अभिमान आहे. पण त्यांच्या पराक्रमाची फूटपट्टी आपल्याला लावायची नाही. पोखर्णीच्या नृसिंहाचे दर्शन सायकलवर करून येणे हे ध्येय वर्षभरासाठी पुरेसे आहे. वजनाच्या बाबतीतही अपेक्षा बेताच्या ठेवा. अर्ध्या तासाच्या सायकलने साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात आणि परतताना चौकात खाल्लेल्या दोन वड्यांनी त्या सव्याज परत येतात.

आजार असलेल्यांनी सायकल टाळायची नसते, थोडी तयारी करायची असते. गुडघेदुखीच्या रुग्णाला चालण्यापेक्षा सायकल बहुधा सोसते, कारण शरीराचे वजन सीट पेलते. याची दुसरी बाजू अशी की वजन न पेलल्यामुळे हाडे मजबूत होण्याला सायकलची फार मदत होत नाही. पाळी गेलेल्या बायकांनी सोबत थोडे चालणे आणि ताकदीचे व्यायामही ठेवावेत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खडीसाखर असावी. हाताला कंप, घाम, डोळ्यांसमोर अंधारी आली की थांबून ती तोंडात टाकायची. चालताना छातीत दाब येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर सायकल दुकानाच्या आधी दवाखाना.

आपल्या उन्हाचे वेगळे सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत घरी परतावे, पाण्याची बाटली सायकलला बांधलेली असावी. उन्हात डोके दुखू लागले, मळमळले तर सावलीत थांबा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो थकलेला नाही, त्याला उष्माघात होतो आहे. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

हवेबद्दल दोन वाक्ये. हवेचे टायर १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी बनवले. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे म्हणून मुद्दाम सांगतो. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, तो पाळा. मऊ टायरवर सायकल जड जाते आणि दोष गुडघ्यावर येतो. बाभळीच्या काट्यांचा बंदोबस्त अजून कुणालाच सापडलेला नाही. नव्या सायकलच्या ब्रेकच्या तारा पहिल्या महिन्यात सैल पडतात, तेव्हा एकदा दुकानात नेऊन त्या कसून घ्या.

हेल्मेट घाला. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता जवळपास ६९ टक्क्यांनी कमी दिसली. ओढणी, साडीचा पदर, सैल पायजमा चाकात आणि चेनमध्ये जाणार नाही हे निघण्याआधी पाहा. हिवाळ्यात पहाटे निघता तेव्हा मागे लाल दिवा हवाच. त्याच दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याचशांना मागे दिवा तर सोडाच, साधी परावर्तक पट्टीही नसते. इथे सायकलवाल्याने किती सांभाळायचे? ट्रॉलीला पट्टी लावणे हे ट्रॉलीवाल्याचे, आणि ती नसेल तर ट्रॉली अडवणे हे प्रशासनाचे काम आहे. शहरात रस्त्याच्या डाव्या कडेला जी दोन-तीन फूट जागा उरते तिथे वाळूचे ढीग, गाडे आणि उभ्या मोटारी असतात. नव्याने शिकणाऱ्या पन्नाशीच्या बाईला वाहनांच्या मधोमध ढकलून आपण तिला व्यायाम कर म्हणतो. स्वतंत्र सायकल मार्ग होईल तेव्हा होईल. निदान सकाळी सहा ते आठ या वेळात शहरातला एखादा रस्ता मोटारींना बंद ठेवता येईल, आणि त्याला बांधकामाचा पैसाही लागणार नाही.

हौसेच्या सायकलबद्दल एवढे लिहिले, पण जिल्ह्यात रोज सायकल चालवणाऱ्यांत मोठा गट हौशी मंडळींचा नाही. तो खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींचा आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. योजना चांगली आहे आणि तिने अनेकींची शाळा टिकवली आहे. मात्र आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालते आणि त्या चार वर्षांत मुलीची उंची वाढत जाते. सीट मात्र दुकानातून आली तिथेच असते. गुडघे हँडलला लागतील अशा बसलेल्या, पाठीवर दप्तर, अशा मुली रस्त्यावर कुठेही दिसतील. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून आलेल्या मुलीला आम्ही कॅल्शियमच्या गोळ्या देतो.

शाळेच्या खेळाच्या शिक्षकांकडे एक पाना आणि हवेचा पंप असावा. जूनमध्ये शाळा उघडली की एक तास आणि दिवाळीच्या सुटीनंतर एक तास, सायकली मैदानात उभ्या करून टाच पायडलवर ठेवायची, सीट वर घ्यायची, ब्रेक आणि हवा पाहायची. मुलींना पाना हातात धरायला शिकवले तर पुढच्या वेळी सर नसले तरी चालेल. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या शाळेला सुरुवातीला कुणी येऊन दाखवावे असे वाटत असेल, त्यांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावे. शाळेतल्या मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी पथके जातातच, त्यात सायकलची दहा मिनिटे सहज बसतील.